वाकड्या ओळीतली नावं

वाजिदनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरची सगळी नावं एकदम धरली आणि त्यांच्या रेषेवरून खाली उतरवली. नागमोडी चाललेल्या सात ओळी क्षणात सरळ झाल्या, शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या.

"आता कसं," शेजारच्या खुर्चीवरचा भुजंग म्हणाला. "कमिटीचं म्हणणं तेच हाय, वाजिदभाई. मेलेल्या माणसांची नावं अन् नाचत असल्यासारखी, बरं दिसतं का?"

भूकंपात गेलेल्या एकसष्ट माणसांची ती यादी होती. नव्या गावात दहा वर्षांपूर्वी लावलेला फ्लेक्स उन्हानं पार विटला, म्हणून दुसरा करून घ्यायला भुजंग लातूरला आला होता. उद्या सकाळी श्रद्धांजली, त्यामुळं बोर्ड आजच हवा होता. जुनी फाईल याच दुकानात निघाली. ती इथं आधी कामाला असलेल्या मलप्पानं केलेली. मलप्पा भुजंगच्याच गावचा, पण भूकंपानंतर वर्षभरानं पत्र्याच्या शेडमध्ये जन्मलेला. त्याला वळणांचा भारी सोस. 'नीट' परीक्षेच्या क्लासचे टॉपर असोत की मयत, तो सगळ्यांना कमानीवर चढवायचा. आता तो पुण्यात मजेत होता आणि त्याची वळणं निस्तरायला इथं वाजिद होता.

एका ओळीत मध्येच सात-आठ स्पेस उगाच पडल्या होत्या. "हे बघा, झोपेत केलंय," असं म्हणत वाजिदनं त्या खोडल्या आणि नावं जुळवून घेतली.

आता राहिल्या रेषा. अक्षरं उतरली की ज्या रेषेवर ती उभी असतात, ती पुन्हा साधी रेषा होऊन मागं पडून राहते. तिला रंग नसतो, म्हणून ती दिसत नाही. वाजिदनं सातही रेषांना काळा रंग दिला. कोऱ्या जागेवर त्या उमटल्या, एकमेकींना कुठं भेटत, कुठं फुटत. आता धरायच्या आणि डिलीट मारायचं.

"थांब बाबा," मागून आवाज आला.

भुजंगची आई साखराबाई इतका वेळ दाराजवळच्या स्टुलावर गप्प बसली होती. ती उठून पडद्यापाशी आली. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं वरच्या रेषेवर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं.

"ही वेस. हितं आड. लिंबामुळं हितनं गल्ली वळती. हे धोंडाबाईचं दार. त्याच्या म्होरं भीमाचं."

रेषा जिथं वळत होती, तिथं बोटही वळत होतं.

"माय दरसाली बोर्डावरून बोट फिरवती," भुजंग ओशाळून वाजिदला म्हणाला. "मला वाटायचं, उगं नावं कुरवाळती."

"मी सिंधुकडं जायची," साखराबाई म्हणाली. "वाचता येत न्हाई मला, पर वाट ठाऊक हाय. समदं सरळ केल्यावर माझी लेक मी कुठं हुडकू?"

"कधी बोलली न्हाईस."

"तू कधी इचारलंस?"

वाजिदला राहवेना. त्यानं मलप्पाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्या रेषा म्हणजे गावाचा नकाशा आहे का, असं विचारलं.

"कसला नकाशा?" मलप्पा हसला. "उगं काढली होती वळणं, छान दिसतात म्हणून. जुनं गाव मी कुठं बघितलंय? नावं बी कागदावर आली तशी मारत गेलो."

"कुणीतरी सांगितलं असंल तुला," भुजंग म्हणाला.

"कोण सांगंल?" साखराबाई म्हणाली. "मी न्हाई सांगितलं. आमच्या गल्लीतले बाकीचे समदे ह्या यादीत हायत."

पलीकडं मशीनवर एका क्लासचा बॅनर निघत होता. हसरे चेहरे एकामागून एक बाहेर सरकत होते. वाजिद कंट्रोल झेड दाबत केलेलं सगळं मागं घेत गेला. काळ्या रेषा गेल्या, स्पेस परत आल्या, आणि नावं पुन्हा आपापल्या वळणावर चढून बसली.

साखराबाईचं बोट निघालं. वेशीतून आत, आडावरून, लिंबाला वळसा घालून. ते एका जागी थांबलं.

"ही माझी सिंधु. नऊ वर्सांची."

वाजिदनं वाचलं. बोटाखाली सिंधुच होती. तिच्यापुढं मघाची मोकळी जागा होती आणि त्या जागेनंतर गुंडप्पा.

"मलप्पा, हितं कुणाचं नाव राहिलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. मोजून एकसष्ट हायत. अन् मी जागा बिगा कुठंच सोडली न्हाई," फोनमधून मलप्पा म्हणाला.

"नाव न्हाई राहिलं," साखराबाई म्हणाली. तिचं बोट त्या कोऱ्या जागेवर आलं होतं. "भुजंग तवा तीन वर्सांचा. सिंधुच्या कुशीत निजायचा. त्या पहाटं लई रडत हुता, म्हणून मी त्याला उचलून अंगणात नेला. तिला झोपू दिलं."

भुजंग पडद्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "वाकडंच छापा. कमिटीचं मी बघून घेतो."

"अन् ही मधली जागा? जुळवून घेऊ का?"

भुजंगनं आईकडं बघितलं. वाजिदनं त्या जागेवर क्लिक केलं. सिंधु आणि गुंडप्पा यांच्या मध्ये कर्सर उभा राहिला आणि नाव टाकायची वाट बघत उघडझाप करू लागला.

भुजंगनं हात लांब केला आणि कीबोर्ड हळूच टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवला.