सामाईक पत

मालिनी करंबेळकरचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली, तरी तिची आणि श्रीरंगची पत अजून सामाईकच होती. दिलेला शब्द पाळला की ती चढायची, मोडला की उतरायची, आणि ती बघूनच दवाखान्यापासून मंगल कार्यालयापर्यंतची दारं उघडायची. पत वेगळी करायच्या कागदावर श्रीरंग सही करत नव्हता. कशाला करेल? मालिनीने जन्मात कुणाला पाच मिनिटं ताटकळत ठेवलं नव्हतं, आणि तिच्या जिवावर तो मिजाशीत फिरत होता.

"महिना फक्त तीनशे, मॅडम," पतराखण कंपनीची बाई फोनवर सांगत होती. "पत घसरायला लागली की लगेच इशारा येतो. दोघांनाही."

"दोघांनाही?"

"सामाईक आहे ना! इशारा नसला तर एखादं दार उघडलं नाही की तेव्हाच कळतं."

मालिनीसमोर श्रीरंगच्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका पडली होती. रविवारचा मुहूर्त, शहरातलं सगळ्यात भारी कार्यालय. खाली त्याने हाताने लिहिलं होतं, 'तुझ्याच कृपेने मिळालं.'

"नको मला तुमची सेवा," ती म्हणाली.

मग तिने दंतवैद्याची शनिवारी सकाळची वेळ घेतली. त्याच वेळेला शिंप्याकडे येते म्हणाली, वाचनालयालाही पुस्तक आणून देते म्हणून कळवलं. संध्याकाळपर्यंत तिने चाळीस जणांना शब्द दिला. आपलीही दारं बंद होतील? होऊ देत.

शेवटी तिने श्रीरंगला उत्तर पाठवलं, 'लग्नाला नक्की येते.'

तेवढा एक शब्द मात्र ती पाळणार होती.