जहाजावरचं बुजगावणं

"सगळी माणसं खाली उतरली होती ना?" चहाची कपबशी तशीच हातात धरून आनंदराजनं विचारलं.

"उतरली की." किशन तळहातावर तंबाखू मळत होता. "शेवटच्या बोटीनं समदे आलो."

एवढ्या एका प्रश्नासाठी आनंदराज हैदराबादहून गाडी काढून औशाजवळच्या या शेतातल्या घरी आला होता. चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

तो मूळचा नांदेडचा. समुद्र म्हणजे विष्णुपुरीचं धरण, एवढीच लहानपणीची समजूत. तिथल्याच कॉलेजातून इंजिनिअर झाला आणि लागला कुठं, तर जहाजं बुडवणाऱ्या क्षेपणास्त्राच्या कामाला. पाण्याला चाटत जायचं, शेवटच्या टप्प्यात डोळा उघडायचा आणि आसपासच्या होड्या सोडून नेमकं जहाज धरायचं. तो डोळा आनंदराजनं घडवला होता. त्यात त्याचं निम्मं तारुण्य गेलं.

चाचणीसाठी नौदलाचं एक मोडीत निघालेलं जहाज दूर समुद्रात उभं केलं होतं. नेम सुताएवढाही चुकला नाही. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले.

पण धडकण्याआधी त्या डोळ्यानं पाठवलेल्या शेवटच्या चित्रात डेकवर एक आकृती होती. दोन्ही हात पसरलेली.

वरिष्ठ म्हणाले, एखादा पाइप असेल. हा डोळा उष्णता बघतो, आणि भर उन्हात तापलेलं काहीही माणसासारखंच उजळ दिसतं. शिवाय हेलिकॉप्टरनं आधी घिरट्या घालून पाहिलं होतं, डेकवर कोणी नव्हतं. सगळ्यांचं समाधान झालं. आनंदराजचं झालं नाही. डोळे मिटले की ते हात समोर यायचे. अन्न गोड लागेना. बायको पुनम त्याला माहूरला घेऊन गेली, तर रेणुकेच्या त्या मोठ्या डोळ्यांसमोर त्याची मान वर होईना.

आता पुढच्या क्षेपणास्त्राचं काम त्याच्यासाठी अडून होतं. तो माणूस असेल तर सगळ्यांसमोर सांगायचं आणि हे काम कायमचं सोडायचं, असं त्यानं ठरवलं होतं. जहाजावर शेवटी कामाला लातूरकडची माणसं होती, हे त्याला ठाऊक होतं. मुकादमाकडून किशनचं नाव कळलं आणि तो निघाला.

"किती दिवस होता जहाजावर?"

"आठवडाभर तिथंच मुक्काम. डेकला करडा रंग द्यायचा, बाजूला पांढरे पट्टे मारायचे, पत्रे ठोकायचे. वर डोकं फुटंल असं ऊन आन् खाली गारेगार. आमचा धाकटा बालाजी तर जेवला की खाली जाऊन पडायचा. कानाशी हलगी वाजवली तरी उठायचा न्हाई." किशनला हसू आलं, ते त्यानं लगेच आवरलं.

"किशनराव, मला डेकवर काहीतरी दिसलं होतं. हात पसरलेलं."

किशनचा अंगठा तळहातावर थांबला. मग पुन्हा मळू लागला.

"बुजगावणं असंल."

"बुजगावणं? जहाजावर?"

"पाखरांचा लई तरास, साहेब. रंग वाळायच्या आत घाण करायची. मग बालाजीनंच केलं. दोन काठ्या, वर रंगाचा डबा, अंगात जाकीट. शेतकऱ्याची अक्कल दुसरीकडं कुठं जाणार?"

"ते तिथंच राहिलं?"

"राहिलं की. कोण आणतंय?" किशन वर न बघता म्हणाला.

आनंदराजला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. बुजगावण्याचे हात पसरलेलेच असणार! ज्वारी राखणाऱ्या माणसांनी समुद्रातही ज्वारी राखावी तसंच केलं होतं, आणि आपण मात्र उगाच जीव टांगून बसलो होतो. कित्येक दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली.

किशनच्या आईनं, नागाबाईनं, भाकरी वाढली. आनंदराजनं ठेच्याबरोबर दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.

"बालाजी कुठंय आता?" त्यानं सहज विचारलं.

"तिकडंच राहिला. नवं काम धरलंय." किशन तंबाखू थुंकायला उठून गेला, तो परत ओसरीवर आला नाही.

निघताना नागाबाई म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊ नका लेकरा. हुरड्याची चार कणसं देते."

तो तिच्यामागून बांधावरून चालला. ज्वारी डोक्याएवढी उभी होती. वारा सुटला होता, अंगाला बरं वाटत होतं. पुनमला आता फोन करावा, असं त्याच्या मनात आलं.

मधल्या मोकळ्या जागेत बुजगावणं होतं. दोन काठ्यांवर भगव्या रंगाचं जाकीट, त्यावर उलटा डबा. डब्यावरून ओघळून वाळलेला रंग करडा होता. जहाजाचा करडा.

आनंदराज जागीच थांबला.

"हे कुठलं, मावशी?"

"जहाजावरलं हाय. शेवटच्या दिवशी किशन घेऊन आला. जाकीट चांगलं होतं, आन् बालाजीच्या हातचं. टाकावं कसं वाटंल?" नागाबाईनं जाकिटाची कॉलर सारखी केली, बाहीवरची धूळ झटकली. "तवापासून फोनच लागना झालाय त्याचा. किशन म्हणतो, कामात असंल."

तिनं कणसं आनंदराजच्या हातात दिली.

"तुम्ही तिकडचेच नव्हं, साहेब? कुठं नजरेला पडला तर सांगा त्याला, माय वाट बघायलीय म्हणून."