लायलॅकचा पहिला बहर

व्हर्लिनने फुलांच्या घोसात तोंड खुपसलं, डोळे मिटले आणि छातीभर श्वास ओढून घेतला.

"वा!" तो म्हणाला. "काय घमघमाट सुटलाय!"

घमघमाट सुटलाच होता. मागे व्हरांड्यात उभ्या असलेल्या त्याच्या मुलीने, मार्नीने, नाकावरचा रुमाल आणखी घट्ट दाबला. रात्री कधीतरी एका स्कंकने व्हरांड्याखाली पिचकारी मारली होती. मांजराएवढं काळं-पांढरं जनावर, पण बिथरलं की शेपटी वर करून असा काही वास सोडतं की त्यापेक्षा जळकं रबर बरं. शेजारच्या गॉर्डीने घराच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्याचा कुत्राही बाहेर पडायला तयार नव्हता. आणि बाबा त्या दुर्गंधीच्या मधोमध उभे राहून खुशीत मान डोलवत होते.

हे झाड व्हर्लिनने बायकोसाठी, आर्डिससाठी लावलं होतं. उत्तर मिनेसोटात सहा महिने बर्फ. त्या सहा महिन्यांत घराबाहेर कशालाच वास नसतो, असं ती एकदा सहज म्हणून गेली. व्हर्लिनने ते मनावर घेतलं. थंडीला दाद न देणारी, उंच वाढणारी लायलॅकची जात नर्सरीतून शोधून आणली. आणली तेव्हा ती नुसती काटकी होती. सशांनी साल कुरतडू नये म्हणून त्याने बुंध्याभोवती जाळी बांधली. जमीन गोठायच्या आधी दर वर्षी पोटभर पाणी पाजलं, आळ्यात पालापाचोळा पसरला. उणे पस्तीसला गाडी सुरू होईना, पण झाड तगलं. फुलेना मात्र.

"व्हर्लिन, तू टेलिफोनचा खांब लावलायस," गॉर्डी म्हणायचा.

यंदाच्या जूनमध्ये खांबाला फुलं आली. सायीच्या रंगाचे, वीतभर लांबीचे घोस.

मधे एका हिवाळ्यात व्हर्लिन अंगणातल्या बर्फावरून घसरला आणि डोक्यावर आपटला. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं. तो म्हणाला, काही झालं नाही. मार्नीचा जीव मात्र तेव्हापासून टांगणीला लागला होता. घर विका, मिनियापोलिसला माझ्याजवळ फ्लॅट घ्या, हे तिचं पालुपद. या खेपेला तर ती फ्लॅट पाहूनच आली होती. आणि बाबांचं त्या दिवशी नाक गेलं, हे तिला आज, आत्ता कळत होतं.

तेवढ्यात आर्डिस दारात आली. तिने ॲप्रनचं टोक नाकाशी धरलं होतं. झाडापाशी डोळे मिटून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिने क्षणभर पाहिलं. मग ॲप्रन सोडून दिला, पायऱ्या उतरली आणि त्याच्या शेजारी जाऊन सरळ घोसात नाक घातलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"फार गोड वास आहे रे," ती म्हणाली.

तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून व्हर्लिनचा चेहरा असा उजळला की मार्नीला बघवेना.

ती आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. "आई! आई, हे कधीपासून?"

आर्डिस नळाखाली डोळे धूत होती. खांद्यावर हात पडला तेव्हा वळली. मार्नीने पुन्हा विचारलं.

"पडला तेव्हापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तो मला तरी कुठे बोललाय? मला कळू नये म्हणून जेवताना घासाघासाला 'वा' म्हणतो. परवा मटार करपले, तरी 'वा'. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं?"

"हसतेस काय? घरात गॅस आहे. उद्या गळला तर?"

"मला येतो ना वास. दोन माणसांच्या घराला एक नाक पुरतं. आणि हे बघ, मला माहीत आहे, हे त्याला सांगू नकोस."

मार्नी तणतणत बाहेर आली. आज फ्लॅटचं बोलूनच टाकायचं, असं तिने ठरवलं. व्हर्लिन गुडघे टेकून बुंध्याभोवतीची जाळी पकडीने सैल करत होता. बुंधा आता चांगला भरला होता. तिची चाहूल लागताच त्याने वर पाहिलं, दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"खरं सांग. कसा आहे गं वास?"

मार्नीने रुमाल काढला, श्वास रोखून घोसाजवळ गेली आणि जीव मुठीत धरून हुंगलं. पहिल्यांदा स्कंकच. आणखी आत नाक घातलं, तेव्हा त्या सगळ्याच्या तळाशी एक कोवळा, गोडसर गंध सापडला.

"मधासारखा आहे, बाबा," ती म्हणाली. तिला खोटं बोलावं लागलं नाही.

"असं होय." त्याने हातातली पकड खाली ठेवली. "आईला कळू देऊ नकोस. तिच्यासाठी लावलंय, उगीच हिरमुसेल."

फ्लॅटचं बोलायला आलेली मार्नी भलतंच बोलली. "जाण्याआधी स्वयंपाकघरात एक भोंगा बसवते मी. गॅस गळला की वाजतो, अख्खं घर उठवतो."

"बसव की. मी उठेन," व्हर्लिन म्हणाला. "तुझ्या आईला नाही ऐकू जायचा तो. दोन वर्षं झाली, ओठ बघून बोलते. पण मला माहीत आहे, हे तिला सांगू नकोस."