रिकाम्या पोटी

तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही आईचं हिमोग्लोबिन जागचं हललं नव्हतं. लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी मी, आणि माझ्याच घरात ही बोंब! सकाळी दोघींचा चहा घेऊन ती टेकली, तसा मी रिपोर्ट आपटला. “गोळ्या घेतेस की लोणचं घालतेस त्यांचं?” “घेते की, रिकाम्या पोटी. तूच सांगितलंस.” “कशाबरोबर?” “चहाबरोबर.” मी कपाळाला हात लावला. “मग रिकामं कसलं?” “चहाने कुठे पोट भरतं?” “अगं, चहामुळे लोह अंगीच लागत नाही! गोळी पाण्याबरोबर घे, चहा दोन तासांनी पी.” तिने हातातल्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाली, “दिवसभरात हा एकच कप बसून पिते. दोन तासांनी कोण बसू देणार मला?” मी तोंड उघडणार, तोवर ती अर्धा कप तसाच ठेवून उठली. “तुझा संपला वाटतं? अजून टाकू?”