पाठमोरी

प्रदर्शनात चित्रं चाळीस होती, पण गर्दी झाली होती ती काचेच्या पेटीतल्या भार्गव केळुसकरांच्या खासगी वह्यांभोवती. "काय लिहिता हो तुम्ही! पुस्तकच काढा," असं कुणीतरी म्हणालं तेव्हा केळुसकरांचा संयम सुटला. "मी चित्रकार आहे. जरा मान वर करून भिंतीकडेही बघा ना!" लोक ओशाळले आणि पुन्हा वाचू लागले.

एका चित्रापुढे मात्र त्यांची थोरली बहीण केव्हाची उभी होती. चित्रात तीच होती, तरुणपणची, चुलीपुढे पाठमोरी बसलेली. निदान अक्का तरी चित्र बघतेय, म्हणून ते हुरूपाने तिच्याजवळ गेले.

"मी तेव्हा रडत होते," अक्का म्हणाली. "मला सासरी परत जायचं नव्हतं. तुला कळलं होतं?"

"कळलं होतं म्हणून तर रंगवलं ना, अक्का."

"एवढ्या वह्या भरल्यास भार्गवा," ती नजर न वळवता म्हणाली. "बाबांजवळ एक शब्द बोलला असतास, तर त्यांनी मला पाठवलं नसतं."

अक्का पदर सावरत पुढच्या चित्राकडे वळली.