वाणाची पिशवी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, जुन्या लुगड्यांच्या पिशव्या द्यायच्या, असं मंजुश्रीनं ठरवलं आणि सासूची ट्रंक उघडली. नवरा गेल्यापासून सिद्धम्मानं त्यातल्या रंगीत लुगड्यांना हात लावला नव्हता. लग्नातलं इरकली लुगडं कात्रीखाली आलं तेव्हा तिनं त्याचा पदर घटकाभर धरून ठेवला. तरी म्हणाली, "काप माय. पेटीत कुजण्यापरीस कुनाच्या तरी हातात फिरंल." मग मशीनवर बसून सगळ्या पिशव्या तिनंच शिवल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी ती रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत बसली. कान तेवढे बाहेर. लातूरच्या त्या कॉलनीतल्या बायका पिशव्या उलटून-पालटून बघत होत्या.

"लई झकास हायत गं. कुनी शिवल्या?"

"चौकातल्या टेलरनं," मंजुश्री म्हणाली.

सिद्धम्माला राग आला नाही. विधवेच्या हातचं वाण कोण नेणार, हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भाजीला निघताना तिला टेबलावर एक उरलेली पिशवी दिसली. तिच्याच इरकलीच्या पदराची. तिनं ती उचलली, काठावरून बोट फिरवलं आणि खांद्याला अडकवली. मंजुश्रीनं ती हळूच काढून घेतली.

"आत्या, ही नका नेऊ. सवाष्णीचं वाण हाय."

आणि फ्रिजमागं कोंबलेली एक प्लास्टिकची कॅरीबॅग झटकून तिच्या हातात दिली.