टरफलाच्या रंगाची ओढणी

सातव्या प्रकरणात नायिका दारात येते, तिथं लुबाबाचं बोट थांबलं. ‘शेंगेच्या टरफलासारख्या रंगाची ओढणी.’ तिनं पुन्हा वाचलं.

कादंबरी तिनंच लिहिलेली. कानो शहरातल्या चाळीस बायकांनी ती तिच्याकडून फोनवर विकत घेतली होती, आणि दोन-तीन दिवसांपासून तीच कादंबरी फुकटात या फोनवरून त्या फोनवर हिंडत होती. पानाखाली घेणारीचं नाव घातलं तर लोक ते मिनिटात खरवडून टाकतात. म्हणून लुबाबा प्रत्येकीच्या प्रतीत त्या ओढणीचा रंग तेवढा बदलायची. कुणाची हळदी, कुणाची निळी. कुणाची कुठली, ते तिच्या वहीत. चोर आपल्या रंगानिशी सापडायचा.

विकत घेणाऱ्यांच्या फोनवरच्या गटावर बायका तापल्या होत्या. आम्ही काय येड्या म्हणून विकत घेतलं का, असं विचारत होत्या. सगळ्यांत पुढं हिंदातू. “नाव टाक गं. तिच्या पोरीच्या लग्नातसुद्धा तिला ऐकवू.” दुपारच्या नमाजाआधी नाव सांगते, असं लुबाबानं कबूलही केलं होतं. नाही सांगितलं, तर पुढची कादंबरी कोण विकत घेणार?

वही उघडायची गरज नव्हती. हा रंग तिच्या धाकट्या बहिणीनं, रकियानं, मागून घेतला होता. ही युक्ती ठाऊक असलेली ती एकटीच. “मला सगळ्यांत मळका दे ताई, दुसरी कुणी मागणार नाही.” रकियाला जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते.

तिचा फोन आता आईकडे, इन्नाकडे, असायचा. इन्ना अंगणात बाजरी पाखडत होती. लुबाबानं कादंबरीचं विचारलं तेव्हा तिनं हात थांबवला नाही.

“चाळिसाव्याला दिलं मी. खजूर वाटले, भजी वाटली. मग म्हटलं, पोरीला सगळ्यांत जास्त आवडायचं ते तुझं पुस्तक राहिलंच की. तिच्या नावानं तेही सदक्यात, दानधर्मात द्यावं. बोट कुठं ठेवायचं ते शेजारच्या सुनेनं दाखवलं.” मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, “पोचतं ना गं तिला, फोनवरून दिलेलं?”

 लुबाबाच्या हातातल्या फोनवर हिंदातू विचारत होती, किती वाट बघायला लावतेस?

लुबाबानं नाव लिहिलं. रकिया. त्यापुढं फोननं आपणहून तेच शब्द सुचवले, जे ती त्रेचाळीस दिवस लिहीत होती. अल्ला तिला जवळ घेवो. तिनं तेही ठेवलं आणि पाठवून दिलं.

 बऱ्याच वेळानं हिंदातूचं एकटीचं ‘आमीन’ आलं. मग दुसरीचं, तिसरीचं. फोन थरथरत राहिला.

“कुणाचं गं एवढं येतंय?” इन्नानं विचारलं.

“पोचलं म्हणतायत,” लुबाबा म्हणाली.